आईची वेस

मी नाटकांचे लाइट्स करते. प्रेक्षक नटाकडे बघतात, मी त्याच्या सावलीकडे. उजेड कुठून येतोय हे बघितल्याशिवाय मी कुणाच्या घरात धड बसतसुद्धा नाही, आणि त्यावरून माझी भरपूर टिंगल होते. होऊ दे. हे आधीच सांगते, कारण भुताखेतांच्या गोष्टी सांगायची मला हौस नाही. कुणी सांगायला लागलं की मी उठून चहाला जाते. मी फक्त एका सावलीबद्दल सांगणार आहे, आणि सावलीतलं मला कळतं.

आम्ही काळाचौकीला राहतो, चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. बाबांचं नाव रघु; गिरणगावात त्यांना रघु पेंटर म्हणून ओळखतात. गणपतीतल्या देखाव्यांचे मागचे पडदे रंगवण्यात त्यांचा जन्म गेला. कैलास, द्वारका, लंकादहन, एका वर्षी तर चक्क चंद्र. मग फ्लेक्स आला आणि धंदा बसला. त्याच सुमाराला गुडघेही बसले. आता त्यांना वाकता येत नाही. स्टुलावर बसून होईल तेवढं करतात, आणि खाली पडलेला ब्रश उचलून द्यायला मी.

आई, कमल, परळच्या मराठी ख्रिस्ती घरातली. तिने बाबांशी लग्न केलं तेव्हा तिच्या माहेरच्यांनी दार लावून घेतलं ते लावलंच. तिचा थोरला भाऊ, शामरावमामा, त्याच चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचा आणि आई शेवटच्या. उपासना संपली की दोघं दोन दारांनी बाहेर. पण आईने रविवार कधी चुकवला नाही, आणि घरातल्या गणपतीचे मोदकही तिच्या हातचेच. दोघांनी एकमेकांचे देव छान सांभाळले. भांडणं व्हायची ती माशाच्या कालवणावरून. मिक्सरमधलं वाटण बाबांना चालायचं नाही, म्हणून आई शेवटपर्यंत पाट्यावर खोबरं वाटायची आणि वाटताना त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

मग ती आजारी पडली. औषधांनी जे व्हायचं ते होऊन गेलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्या, काय आवडतं ते द्या. त्या आठवड्यात शामरावमामा आमच्या दारात उभा राहिला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात मोसंब्यांची पिशवी. मी त्याला चर्चच्या फाटकात लांबून बघितलेला, एवढीच आमची ओळख.

"कमळे," तो म्हणाला. त्याने पिशवी पुढे केली.

"ये," आई म्हणाली. "चपला बाहेर काढ. आत आणल्यास तर रघु ओरडेल."

ती बाबांना नावाने हाक मारायची. चाळीतल्या बायकांना त्याचा अजून धक्का बसायचा. मामालाही बसला असावा, पण त्यामुळे निदान तो आत येऊन बसला. तब्येतीवर बोलून झालं, पावसावर झालं, आणि मग काही तरी बोलायचं म्हणून त्याने चर्चमधल्या चित्राचा विषय काढला. भिंतीत ओल शिरलीय. सोनं सुटायला लागलंय. कमिटी म्हणते, उगाच खर्च कशाला, चुना फासून टाका.

आई उशीवरून उठून बसली. चार दिवस ती उठली नव्हती.

"चुना? माझ्या वेशीवर चुना?"

ते चित्र तिच्या चर्चमध्ये वेदीच्या मागच्या भिंतीवर आहे. स्वर्गातलं शहर. त्यांच्या शास्त्रात त्याला बारा वेशी आहेत, एकेक वेस एकेका मोत्याची, आणि प्रत्येक वेशीवर एक देवदूत. त्या चर्चच्या शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गात, एक जुनी रीत होती. मूल वाचायला लागलं की बाई त्याला चित्रापुढे उभं करायच्या आणि विचारायच्या, बाळ, तुझी वेस कुठली? मुलाने बोट दाखवायचं. ती त्याची. मोठेपणी, म्हातारपणी, जेव्हा केव्हा जायचं तेव्हा त्याने तिथून आत शिरायचं. आई म्हणायची, गर्दी नको म्हणून केलेली व्यवस्था. पण हसत म्हणायची आणि लगेच गप्प व्हायची. तिची वेस डाव्या भिंतीतली सगळ्यात खालची. तिथला देवदूत जरा तिरळा होता.

"बाकीच्या पोरींना सुंदर देवदूत हवे होते," ती मला लहानपणी सांगायची. "ह्या बिचाऱ्याला कुणी घेईना. म्हटलं, मी घेते."

त्या दिवशी ती मामाला म्हणाली, "दादा, मला मरायची भीती नाही वाटत. कुठे जायचंय ते मला ठाऊक आहे. फक्त दार नीट दिसायला पाहिजे रे. रघु करेल. तुमच्या कमिटीला सांग, माझा नवरा करेल."

मामाने बाबांकडे बघितलं. बाबांनी खिडकीबाहेर बघितलं. मग मामा म्हणाला, "रघुनाथराव, कधी येता?"

बाबांना रघुनाथराव कुणी म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

*

चर्च परळला, एका बंद गिरणीच्या मागच्या गल्लीत. गल्लीच्या तोंडाशी मसाल्याची गिरण आहे, त्यामुळे आत शिरेपर्यंत शिंका थांबत नाहीत. त्या बंद गिरणीच्या जागी आता काचेचा टॉवर झालाय. डाव्या अंगाला चर्चच्या उंच खिडक्या आहेत, पण टॉवर झाल्यापासून तिथून ऊन येत नाही. मी गेल्या गेल्या पहिलं तेच बघितलं. आत दिवसभर एकसारखा, करडा, मेलेला उजेड.

चित्र मी लहानपणापासून बघत आलेय, पण बाबांनी ओल्या कापसाने शंभरेक वर्षांची मेणबत्तीची काजळी उतरवली तेव्हा ते खरं दिसलं. मिशनच्या शाळेतल्या कुणा ड्रॉइंग मास्तराने काढलेलं, परदेशी छापील चित्रावरून. सगळी पार्श्वभूमी सोन्याची. मधोमध शहर, चौकोनी, आणि चारही भिंती बाहेरच्या बाजूला सपाट पाडलेल्या, म्हणजे बाराही वेशी एकदम दिसाव्यात. भिंती हिरव्या, पायाच्या दगडांचा प्रत्येक थर वेगळ्या रंगाचा. मधून नदी. नदीकाठी जीवनाचं झाड, आणि मास्तर कोकणातला असणार, कारण फळं झाडाच्या बुंध्याला लागली होती, फणसासारखी. वेशी म्हणजे नुसत्या कमानी. दारं नव्हतीच.

मी फोनवर दुसऱ्यांनी काढलेली तीच नगरी शोधली. कुणी ढगावरचा किल्ला काढलाय, कुणी वरून बघितलेलं अंगण, कुणी हाताने लिहिलेल्या पोथीत बारा दारं आणि बारा संत ओळीने उभे केलेत. आमच्या मास्तरासारखं सपाट पाडलेलंही बऱ्याच जणांनी. त्या जुन्या चित्रांमध्ये एक गोष्ट सारखी होती आणि ती माझ्या, म्हणजे माझ्या, लक्षात आली नाही. आजही त्याचा राग येतो.

बाबा मागे सरून बघत होते.

"ह्या काय गो?" ते म्हणाले. मनातलं बोलताना ते मालवणीवर येतात. "उघडलेलो खोको. ह्यात कोण रवतलो?"

"फ्लॅट दिसतंय," मी म्हटलं.

"सावली नाय तर चित्र उभां रवणा नाय."

आणि ते खरं आहे. मंडळाच्या मांडवात वीस फुटांच्या कापडावर राजवाडा उभा करायचा तर एका बाजूने उजेड धरायचा आणि दुसऱ्या बाजूला सावली टाकायची. त्यांनी जन्मभर तेच केलं, मीही तेच करते. मी म्हटलं, डावीकडून धरा, खिडक्या तिकडे आहेत. मामाला विचारलं. मामा म्हणाला, "नीट दिसलं म्हणजे झालं. त्यातलं मला काय कळतंय?"

बाबांनी निळ्यात किंचित गेरू घातला आणि पातळ हात फिरवत गेले. प्रत्येक कमानीच्या उजव्या अंगाला एक बारीक रेघ. बुरुजांच्या उजवीकडे. झाडाच्या बुंध्याशी. दुपारी काम संपलं आणि आम्ही तिघं शेवटच्या बाकापाशी जाऊन उभे राहिलो. शहर भिंतीतून बाहेर आलं होतं. कमानीत हात घालावा असं वाटत होतं. मामाने चष्मा काढून पुसला.

"कमळीला दाखवा," तो म्हणाला. "लगेच जाऊन दाखवा."

मी व्हिडिओ काढला. बाबा घरी जाईपर्यंत शीळ घालत होते. आजारपण सुरू झाल्यापासून ती ऐकलीच नव्हती.

आईने फोन हातात घेतला आणि बघत राहिली. पुन्हा लाव म्हणाली. पुन्हा बघितलं. मला वाटलं, आनंदाने बोलवत नाहीये तिला.

"ही सावली कुणी टाकली?"

"मीच," बाबा खुशीत म्हणाले. "बघ कसा उठलाय शहर."

"तिथे सूर्य नसतो रे," आई म्हणाली.

बाबा खाटेच्या कडेला बसले.

"देवाचाच उजेड असतो. सगळीकडून. कशाचीच सावली पडत नाही. म्हणून तिथे रात्र नाही, आणि रात्र नाही म्हणून वेशी लावायची वेळच येत नाही." तिला दम लागला. थोडं थांबून म्हणाली, "तुम्ही सूर्य आणलात. आता तो मावळणार."

"अगं आई, चित्र आहे ते," मी म्हटलं. जरा चिडूनच.

"हो," ती म्हणाली आणि फोन उलटा करून उशीशी ठेवला.

*

दुसऱ्या दिवशी बाबा सावल्या पुसायला निघाले. मी बरोबर गेले, कारण स्टूल कोण उचलणार.

चर्चचं दार मामाने उघडलं. बाबा चित्राजवळ गेले आणि तिथेच थांबले.

"अनुजा, तू रात्रीची येऊन हात मारलंस?"

"मी कशाला मारू?"

"मग ह्या कोणी वाढवला?"

सावल्या लांब झाल्या होत्या. बाबांनी कमानीच्या कडेला बोटभर रेघ ओढली होती. आता ती पुढच्या कमानीला टेकत होती. मी फोन काढून ताडून बघितलं. कालच्या व्हिडिओत आखूड, भिंतीवर लांब. मामावर संशय घ्यावा तर मामाला सरळ रेघ मारता येत नाही. म्हटलं, ओल असेल. ओलीने रंग पसरतो. बाबांनीही मान डोलावली. दोघांनाही ते पटलं नव्हतं. ओल चारी बाजूंना पसरते. हे सगळं एकाच दिशेला, उजवीकडे, कडा न सोडता गेलं होतं.

बाबांनी कापूस टर्पेंटाइनमध्ये बुडवून सावलीवर घासला. कापूस पांढराच राहिला. पुन्हा घासला, जोर लावून. शेजारचा हिरवा रंग थोडा निघाला, सावली नाही. मग त्यांनी सोनेरी रंग कालवून सावलीवर थेट जाड थर दिला. थर बसला. सोन्याचाच होता, पण सावलीतल्या सोन्याचा.

मी माझ्या बॅगेतला हॅलोजन काढला आणि भिंतीशी धरला. हे माझं काम आहे, इथे मला कुणी फसवू शकत नाही. रंगाने काढलेली सावली म्हणजे शेवटी रंग. त्यावर उजेड टाकला की तोही उजळतो. आजूबाजूचं सगळं लखलखलं. सावली तशीच राहिली. माझा उजेड तिथपर्यंत पोचतच नव्हता.

मी हात लावला. उजवीकडची भिंत गार होती. डावीकडे हात नेला तर कोमट. गच्चीच्या कठड्याला संध्याकाळी हात टेकला की लागतो तशी.

मी वळून खिडक्यांकडे बघितलं. बाहेर टॉवरची काच आणि आत तोच करडा उजेड. ऊन कुठेच नव्हतं.

"घरी चला, बाबा," मी म्हटलं.

मला भीती वाटली होती. सरळ सांगते.

*

आईला आम्ही काही बोललो नाही. तिने विचारलंही नाही. ती आता फार बोलत नव्हती. श्वास वरवरचा झाला होता, आणि बाबा तिच्या खाटेशी बसून तिच्या तळव्यांना तेल लावायचे. संध्याकाळी मामाचा फोन आला. आवाज अगदी खाली.

"अनुजा, वेशींना दारं असतात का ग?"

"कसली दारं? नुसत्या कमानी आहेत."

"तुम्ही काढली नाहीत ना?"

आम्ही सकाळीच गेलो. उजव्या भिंतीतल्या तिन्ही वेशी बंद होत्या. जाड लाकडी दारं, पितळी खिळे ठोकलेली, आणि काम त्या मास्तराच्याच हातचं, तोच ब्रश, तीच जुनी भेग त्यांच्यावरून गेलेली. वरच्या भिंतीत एका दाराची फळी अर्धी पुढे आली होती. देवदूत बाहेर बघणारे होते. बंद वेशींवरचे आता पाठमोरे होते, आत चाललेले. उजवीकडचं आकाश सोन्याचं राहिलं नव्हतं. आतल्या घरांच्या खिडक्यांतून बारीक पिवळे ठिपके लागले होते. दिवेलागण झाली होती तिथे.

मामा पहिल्या बाकावर बसला होता. दर रविवारी बसायचा त्याच जागी. "काल इथे एकटा होतो," तो म्हणाला. "कुणी तरी बाक ओढतंय असं वाटलं. तीनदा वाटलं."

डाव्या भिंतीवर अजून ऊन होतं. तांबूस, तिरपं. आईच्या वेशीतला तिरळा देवदूत अजून बाहेर बघत होता.

"तिची शेवटाक लागतली," बाबा म्हणाले.

घरी आलो तर आई जागी होती. आमच्याकडे बघून तिला सगळं कळलं. तिच्यापासून काही लपवणं मला कधीच जमलं नाही.

"माझी उघडी आहे?"

"आहे," मी म्हटलं.

"मला तिथे ने, बाय. पोचायला हवं ग मला. मी बाहेर राहिले तर काय करू?"

तिला रडताना मी त्यापूर्वी कधी बघितलं नव्हतं.

*

भर दुपारी टॅक्सीतून नेली. चाळीतल्या पोरांनी खुर्चीसकट खाली उतरवली. मसाल्याच्या गिरणीपाशी ती शिंकली आणि म्हणाली, "हे काही बदललं नाही." मामा फाटकात उभा होता. त्याने आणि टॅक्सीवाल्याने खुर्ची उचलून चित्रापुढे आणली.

खालच्या भिंतीतली शेवटची वेस आम्ही आत शिरताना बंद झाली. आवाज मीही ऐकला. बाक ओढल्यासारखा.

डावीकडच्या वरच्या दोन्ही आधीच बंद होत्या. उरली ती एकच, आईची. तिची एक फळी लागलेली, दुसरी अर्धी.

आई बघत होती. तिच्या चेहऱ्यावर ते तांबूस ऊन पडलं होतं. खिडकीतून आलेलं नव्हतं.

मामा गुडघ्यांवर बसून प्रार्थना पुटपुटायला लागला. बाबा स्टूल ओढून भिंतीशी बसले आणि म्हणाले, "काळो दी." मी काळा दिला. "पांढरो." पांढरा दिला. त्यांनी त्या अर्ध्या फळीच्या खाली, उंबऱ्याशी, काहीतरी काढायला घेतलं. लांबट, गोल, मधे झिजलेलं.

आईला आधी कळलं. ती हसली. खोकत खोकत हसली.

"वरवंटा!"

आमच्या चाळीत गॅलरीतून वारा आला की दारं आपटतात. म्हणून प्रत्येक घरात दाराला वरवंटा लावून ठेवायची सवय. बाबांनी आमचाच काढला होता, एका टोकाला टवका उडालेला. त्याची सावलीसुद्धा काढली. सवय.

आम्ही बघत राहिलो. फळी हलली नाही.

"आता नाय लागणा," बाबा म्हणाले. "तू निवांत जा."

आईने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. केसांत रंग लागला होता तो नखाने काढला. "शहाणा आहेस," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती गेली. बाबांच्या हातात तळवा होता. शांतपणे गेली. आम्हाला इतकं बरं वाटलं की रडायलाही थोडा वेळ लागला.

*

आईची शवपेटी चर्चमध्ये आणली. मंडळी गात होती. मी खाली मान घालून उभी होते, कारण मला बघायचं नव्हतं. मग बाबांनी माझं मनगट पकडलं.

चित्रातली रात्र पूर्ण झाली होती. सगळं गडद निळं, आणि भिंतींच्या आत दिवे.

आईची वेस बंद होती.

वरवंटा बाहेर ढकललेला, पायरीच्या खाली, आडवा पडला होता.

आणि पायरीवर एक बाई बसली होती. बोटभर उंचीची, पाठमोरी, दाराकडे तोंड करून. एक पाय दुसऱ्यावर टाकून. गॅलरीत भाजी निवडताना आई बसायची तशी.

लोक नंतर म्हणाले, रंग अगदीच काळे पडले हो, ओलीने वाट लावली. त्या बाईबद्दल कुणी बोललं नाही. मामाने बघितली होती. तो शिवडीला मातीला आला, पण आमच्या नजरेला नजर देईना.

नंतर बाबा रोज जायला लागले. रंग घेऊन जायचे. तिच्याशेजारी त्यांनी कंदील काढला, अंधारात बसलीय म्हणून. एक शाल काढली. शाल दुसऱ्या दिवशी तिच्या खांद्यावर होती. दार काढायचा प्रयत्नही केला, उघडं दार, पुन्हापुन्हा. ते सुकायच्या आत लागायचं.

एके दिवशी मामाने सांगितलं, कमिटीचं ठरलं. सोमवारी चुना. "मी नाही अडवू शकलो, रघुनाथराव."

शनिवारी मी बाबांबरोबर गेले. कंदिलाची काच काजळली होती. बाई पायरीवरच होती, पण आता दाराकडे पाठ करून. तोंड आमच्याकडे. चेहरा एवढा बारीक की नाक-डोळे कळू नयेत.

मला कळले.

बाबा स्टुलावर बसले नाहीत. भिंतीला हात लावून उभे राहिले आणि बाजारात चुकलेल्या माणसाला सांगावं तसं म्हणाले, "इथे बसान काय करतलंय? तेंका नको तर नको. घराक चल गो."

मी त्यांना धरून बाहेर आणलं. मागे वळले नाही.

घरी आल्यावर त्यांनी जेवण केलं नाही. झोपायच्या आधी मला म्हणाले, दाराला वरवंटा लाव. मी नेहमीसारखी चिडले नाही. पाट्यावरचा वरवंटा उचलला, दार थोडं उघडं ठेवलं आणि उंबऱ्याशी टेकवला. तो बरेच दिवस वापरलेला नव्हता, धुळीने माखला होता.

सकाळी जाग आली तेव्हा बाबा खाटेवर बसून दाराकडे बघत होते.

दार लागलेलं होतं. आतून कडी होती.

वरवंटा मोरीपाशी पाट्यावर होता, आई ठेवायची तसा, टवका भिंतीकडे करून.

मी जाऊन हात लावला. तो धुतलेला होता. अजून ओला होता.